मोहाखालचा मुडदा आणि आमचे नाकेदार

आमचे नाकेदार माणसाच्या तोंडाकडे मागाहून बघायचे, आधी पायांकडे. आलापल्लीच्या मुलींच्या शाळेवर मास्तरीण म्हणून मी रुजू व्हायला गेले, त्या दिवशी मोटारीतून उतरून ट्रंक खाली ठेवते न ठेवते तोच जंगलखात्याच्या नाक्यावरून खाकी कपड्यांतले, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ सावकाश चालत आले आणि माझ्या चपलांकडे टक लावून बघत राहिले. म्हणाले, "बाई, डावी चप्पल चावून राह्यली ना? आन् उजवी टाच जास्त झिजली. एका पायावर भार देऊन उभं राहाची सवय हाय. मास्तरीण असान तुम्ही." मला असा राग आला! बावीस वर्षांची मी, वर्ध्याहून पहिल्यांदाच एकटी एवढ्या लांब आलेली, आणि हा बाप्या भर रस्त्यात माझे पाय न्याहाळतोय. मी तोऱ्यात विचारलं, "आपण कोण?" तर म्हणे, "नाकेदार. लाकूड असो का माणूस, तपासल्याबिगर मी कोणालेच सोडत नाई." खरी गोष्ट ही की डावी चप्पल चावत होती.

त्यांचं नाव सरकारी कागदापुरतं होतं. गाव त्यांना नाकेदार म्हणे आणि त्यांच्या घरच्या बाईसुद्धा "आमचे नाकेदार" असंच म्हणत. जंगलातून सागाने भरलेल्या गाड्या, लॉऱ्या यायच्या, नाक्यावर आडवा बांबू असायचा, आणि नाकेदारांनी पास बघून मान हलवल्याशिवाय तो बांबू वर व्हायचा नाही. उन्हाळा असो पावसाळा असो, त्यांच्या डाव्या काखेत इंग्रजी वर्तमानपत्राची घडी. रेंजरसाहेबांचा जुना झालेला पेपर ते मागून आणायचे. एखादा कंत्राटदार ऐटीत उतरून इंग्रजी फेकायला तोंड उघडायचा, काखेतली घडी बघायचा आणि निमूटपणे मराठीत पास पुढे करायचा. मी मनात म्हणायची, केवढा वाचतो हा माणूस! एकदा मी तो पेपर मागितला, तर घडी आणखी घट्ट दाबून म्हणाले, "माझं वाचून व्हायचं हाय, बाई." चार दिवसांनी मागितला तेव्हाही वाचून व्हायचंच होतं. मी नाद सोडला.

हा माणूस कादंबऱ्या लिहितो हे कळलं तेव्हा मी हसले होते, खोटं कशाला बोलू! एका संध्याकाळी ते रद्द झालेल्या पासांचा गठ्ठा घेऊन शाळेत आले. प्रत्येक पासाच्या पाठीवर मुंग्यांच्या रांगेसारखं बारीक अक्षर, आणि कागदाला सागाचा वास. "बाई, तुमचं अक्षर चांगलं हाय म्हणते. हे जरा लोकाईले वाचता येईन असं करून द्या." वर नाव होतं 'मोहाखालचा मुडदा'. मी नाक मुरडलं. असलं नाव असलेला गठ्ठा शाळेच्या कपाटात ठेवायचा म्हणजे काय! पण रात्रीच्या स्वयंपाकाला बसले आणि सहज पहिलं पान उलटलं, तर भात करपला, दूध उतू गेलं आणि मी चुलीपाशीच बसून राहिले.

कथा होती गोंडराजांच्या काळातल्या चांद्याची. शहराभोवती परकोट बांधणं चाललेलं. परकोटाच्या दरवाज्यावर एक म्हातारा पहारेकरी, येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय बघणारा. (तो कोण, हे सांगायला नको.) एका सकाळी दरवाज्याबाहेरच्या मोहाच्या झाडाखाली राजाच्या कारभाऱ्याचा मुडदा सापडतो. मध्यरात्री तिथून जाताना दिसला म्हणून एका पाथरवटाला धरतात, दुसऱ्या दिवशी त्याला देहदंड ठरतो. पहारेकरी आधी झाडाच्या म्हाताऱ्या मालकिणीशी चार शब्द बोलतो, मग मुडदा उचलायला लावतो, तर अंगाखाली मोहाच्या ताज्या फुलांचा थर चेपलेला. मोहाचं फूल पहाटे गळायला लागतं आणि ऊन चढलं की थांबतं. म्हणजे कारभारी पडला तेव्हा जमिनीवर आधीच फुलं होती. एवढी फुलं साचायला उजाडतं, म्हणजे तो उजाडल्यावर मेला. आणि उजाडल्यावर पाथरवट तर शहराच्या दुसऱ्या टोकाला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दगड घडवत होता. पाथरवट सुटतो. मी ते पान वाचून एकटीच "शाब्बास!" म्हणाले.

त्यांचा एक नेहमीचा शब्द होता: "माणूस खोटा लिवा, राजा खोटा लिवा, पण झाड खोटं लिवू नका." हे नुसतं बोलणं नव्हतं. जे स्वतः करून पाहिलं नाही ते लिहायचं नाही, असा त्यांचा हट्ट. या मुडद्याचं प्रकरण लिहिताना ते चैत्रात सलग तीन दिवस मोहाखाली मुडदा होऊन पडले. कधी अंधारात जाऊन पडायचे, कधी उजाडल्यावर, आणि अंगाखाली किती फुलं, अंगावर किती, हे पासाच्या पाठीवर टिपायचे. तिसऱ्या दिवशी फुलं वेचायला आलेल्या बायांनी त्यांना पाहिलं. हाका मारल्या, तर मुडदा उत्तर देईना. प्रयोग मोडला असता ना! झालं, गावभर बोंब उठली, नाकेदार गेले. मी बिचारी डोळे पुशीत शाळेत उभी राहिले, त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द बोलले आणि शाळा सोडून दिली. पोरी दारातून बाहेर पडतात तोच समोरून नाकेदार चालत येताहेत, मिशांत मोहाचं फूल अडकलेलं, आणि मलाच विचारताहेत, "आज काऊन लवकर सोडली, बाई?" पुढे कित्येक दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

तो सगळा गठ्ठा मी सुवाच्य अक्षरात वहीत उतरवला आणि वही नागपूरच्या एका प्रकाशकाकडे पाठवली. त्याने ती अभिप्रायासाठी पुण्याच्या एका प्राध्यापकांकडे धाडली आणि आम्हाला कळवलं की पुढच्या चैत्रात चांद्याला साहित्य संमेलन आहे, तिथे इतिहासातल्या रहस्यकथांवर परिसंवाद आहे, नाकेदारांनी त्यात बोलावं, छापायचं की नाही ते तिथेच ठरवू. नाकेदारांनी खाकी कपड्यांना इस्त्री केली. मी म्हटलं, "धोतर-कोट घाला." म्हणाले, "लिवणारा नाकेदार, मग जाईन तो कोण?" पेपर काखेत होताच.

परकोटाबाहेरच्या एका शाळेच्या पटांगणात मांडव होता, आणि पटांगणाच्या कडेला, कुंपणाला लागून, एक थोरला मोह. नाकेदारांनी मांडवाआधी तो बघितला. दुपारी परिसंवाद सुरू झाला. पेशवाईतल्या खुनांवर लिहिणाऱ्या एका लेखकाने मारेकऱ्याच्या पगडीचंच अर्धा तास वर्णन केलं. दुसऱ्याने सांगितलं की इतिहासात पुरावा मिळत नसेल तर लेखकाने तो बेधडक निर्माण करावा. आमचे नाकेदार उठले आणि एवढंच म्हणाले, "पुरावा जंगलात पडूनच राह्यते. फक्त वाकून पाहाव लागते." मांडवात मागे बसलेल्या खेड्यापाड्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढच्या रांगेत ताठ मानेने बसले होते.

मग अध्यक्ष म्हणून प्राध्यापक उठले. माणूस सभ्य होता, आवाज चढवत नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. म्हणाले, "नाकेदारांची कादंबरी मी वाचली आहे. इंग्रजीत अगदी अशीच एक कादंबरी आहे. तिथे प्रेताखाली बर्फ आहे आणि बर्फावरून मृत्यूची वेळ कळते. आपल्या लेखकाने बर्फ काढून तिथे मोह घातला. पण बर्फ एका रात्रीत पडतो. झाडाची फुलं महिनाभर पडतात. कालची, परवाची फुलं झाडाखाली असणारच. मग अंगाखाली फुलं सापडली यातून काय सिद्ध झालं? उसनं घेतानासुद्धा थोडा विचार करावा लागतो." मांडव हसला. प्रकाशकाने मांडीवरची वही मिटली. नाकेदारांचा चेहरा उतरला आणि त्यांनी नुसतं विचारलं, "उद्या सकाळी उत्तर दिलं तर चालन काय?" प्राध्यापक म्हणाले, "अवश्य."

आता जे सांगते त्याची मला आजही लाज वाटते. माझ्या मनात पाल चुकचुकली. जो माणूस एका फुलाच्या खातरीसाठी तीन दिवस मुडदा होऊन पडला होता, तो गेला म्हणून मी पोरींना लवकर घरी सोडलं होतं, त्याच्याकडे न बघता मी त्याच्या काखेतल्या इंग्रजी पेपराकडे बघितलं. बाहेर येऊन विचारलं, "नाकेदारभाऊ, खरं सांगा. तुम्ही ते पुस्तक वाचलं होतं?"

नाकेदार जागच्या जागी थांबले. "बाई, तुम्ही पण?" मग काखेतली घडी हातात घेतली. "मले इंग्रजीचं एक अक्षर येत नाई. हा पेपर कंत्राटदाराइले भेव दाखवाले हाय."

मला रडावं की हसावं कळेना. मी म्हटलं, "मग आत्ता चला आणि हे सगळ्यांसमोर सांगा! जो इंग्रजी वाचत नाही तो इंग्रजीतून चोरेल कसा? एका वाक्यात सुटाल."

"मले सुटाचं नाई बाई, जिंकाचं हाय. येत नाई म्हणून सोडलं, तर लोक म्हणतीन, गरीब बिचारा, कोणाच्या तोंडून आयकलं असन. पुस्तक चोरीचं ते चोरीचंच राहीन, फक्त चोर अडाणी ठरन. सारी हयात सागाचे चोर धरले मी. जाईन तर माझ्या मोहाच्या भरवशावर जाईन."

ऊन कलल्यावर त्यांनी प्राध्यापकांना मोहाखाली नेलं. खालची जमीन झाडून पुसल्यासारखी स्वच्छ होती. प्राध्यापक म्हणाले, "इथे एकही फूल नाही. झाड वांझ दिसतं." नाकेदार म्हणाले, "साहेब, तुमचं उपरणं तुमच्याच हातानं इथी अंथरा. सकाळी उचलू. वर फुलं दिसतीन, खाली नाई दिसणार. खाली एक जरी फूल निंघालं, तर मी चोर." प्राध्यापकांनी पांढरंशुभ्र उपरणं अंथरलं, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. बघायला शंभरेक माणसं जमली होती.

सकाळी सात वाजता आम्ही सगळे तिथे गेलो, तर उपरणं कुंपणावर लटकत होतं. त्यावर फूल नाही. झाडाखाली नुकतीच पडलेली पाच-सहा फुलं, बस्स. प्राध्यापकांनी उपरणं हातात घेतलं आणि म्हणाले, "नाकेदार, वरही नाही आणि खालीही नाही. आता काय म्हणायचं?" कोणीतरी मागून खो-खो हसलं. नाकेदार मात्र कपाळावर हात मारून माझ्या कानाशी म्हणाले, "घोटाळा झाला बाई. झाडाच्या मालकिणीले विचारलंच नाई!"

आमच्या त्या मुलखात लहान लेकराला ठाऊक असतं की प्रत्येक मोहाला मालकी असते. झाड कोणाचं, फूल कोणी वेचायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं, दुसरा हात लावत नाही. आणि अख्खं जंगल ज्यांना पाठ, तेच नेमके हे विसरले होते. वादाच्या भरात त्यांना झाड दिसलं, मालकीण दिसली नाही.

ती दिसली लगेच. कुंपणापलीकडून एक वाळकी, काळी कुळकुळीत गोंड म्हातारी आली, डोक्यावर फुलांनी शिगोशीग भरलेली टोपली, आणि तोंडाचा पट्टा सुरू. "कोणाचं हाय ते फडकं? माझ्या झाडाखाली काऊन टाकलं? एकेक फूल सोडवता सोडवता कंबर मोडली माझी!"

नाकेदारांनी हात जोडले. "चुकलं माय. तुले विचाराले पाह्यजे होतं. पण एक सांग. त्या फडक्यावर फुलं होती?"

"होती तं! ही अर्धी टोपली त्याच्यावरचीच हाय."

"आन् फडक्याच्या खाली?"

"खाली कुठून असन रे? कालचं मी काल वेचलं ना! माझ्या झाडाखाली एक फूल शिळं राह्यत नाई. माझ्या सासूच्या वक्तापासून नाई राह्यलं."

"दुपारून नाई पडत?"

"ऊन चढलं का बंद. एवढं बी म्हाइत नाई तुमाले? कोण्या गावचे तुमी?"

प्राध्यापक अजून हटले नव्हते. म्हणाले, "ही तुमच्याच बाजूची साक्षीदार नाही कशावरून?" म्हातारी त्यांच्यावर उखडली, "मी कोणाच्याच बाजूची नाई. सरक तिकडं, फुलावर पाय पडून राह्यला तुझा!" प्राध्यापक टुणकन बाजूला झाले.

तेवढ्या वेळात नाकेदारांचा चेहरा बघता बघता खुलला. खांदे मागे गेले, मिशा वर झाल्या. "साहेब, काल तुम्ही म्हणलं, कालची परवाची फुलं झाडाखाली असणारच. दाखवा मले. कुठी हायत? मी काल विसरलो ते या मायनं सिद्ध करून देल्लं. झाडाखाली सापडन ते फूल आजचंच, काऊन का कालचं फूल ठेवाले इथली बाई तयार नाई. माझ्या पुस्तकात बी हेच हाय, पान काढून पाहा: पहारेकरी आधी मुडद्याले नाई विचारत, झाडाच्या मालकिणीले विचारते. आता तुम्ही सांगा. तुमच्या त्या इंग्रजी पुस्तकात, सकाळी उठून बर्फ वेचून नेणारी म्हातारी हाय काय?"

वरून एक फूल टपकन प्राध्यापकांच्या टकलावर पडलं. त्यांनी ते हातात घेतलं, मग उपरणं उलटसुलट करून बघितलं. वरच्या बाजूला चिकट पिवळे डाग होते, खालच्या बाजूला नुसती धूळ. आणि तो भला माणूस खळखळून हसला. आम्हा सगळ्यांसमोर त्याने नाकेदारांचे दोन्ही हात धरले. म्हणाला, "मी ते पान वाचलं होतं. मला ती म्हातारी पाल्हाळ वाटली होती! मंडळी, माझी चूक झाली. हे पुस्तक चोरीचं नाही. चोराला बर्फ सुचतो, ही म्हातारी सुचत नाही."

काय टाळ्या पडल्या म्हणता! मांडव ओस पडला, सकाळचा सगळा कार्यक्रम मोहाखालीच झाला. प्राध्यापक घड्याळ काढून बसले होते. साडेनऊच्या सुमारास शेवटचं फूल पडलं आणि पुढे तासभर एकही नाही, हे त्यांनी स्वतःच उठून जाहीर केलं. प्रकाशकाने जागेवरच सांगितलं की पुस्तक छापतो, आणि नावही तेच ठेवतो. माझं तोंड पडलं, पण कोणाचं लक्ष होतं! लोकांनी म्हातारीला व्यासपीठावर चला म्हटलं, तर ती म्हणाली, "मले फुलं वाळू घालाची हायत," आणि चालती झाली. जाताना नाकेदारांना मात्र बजावून गेली, "पुढच्या खेपी विचारजो."

आणि मग नाकेदारांनी काखेतली घडी काढून प्राध्यापकांपुढे धरली. "हे ठेवा साहेब. मले इंग्रजी वाचता येत नाई. एक अक्षर बी नाई." प्राध्यापक थक्क झाले. "अहो, मग हे काल का नाही सांगितलंत? मी तिथल्या तिथे शब्द मागे घेतले असते!" नाकेदार हसले. "म्हणूनच नाई सांगलं."

प्राध्यापकांनी पुढे ते बर्फाचं इंग्रजी पुस्तक टपालाने पाठवलं. नाकेदार ते घेऊन शाळेत आले आणि पहिलीच्या पोरींच्या बाकावर कसेबसे मावून बसले. "शिकवा बाई. पाहू तरी द्या त्यानं कसं लिवलं." पन्नाशी गाठलेला माणूस, पण रोज शाळा सुटल्यावर येऊन अक्षरं गिरवायचा. पोरी दारातून फिदीफिदी हसायच्या. ते त्यांनाच शब्द विचारायचे. आधी अर्धं पान, मग पान, मग दोन पानं. तीन वर्षं लागली. चांद्याच्या त्या प्रश्नाबद्दल मी एकदा त्यांची क्षमा मागितली, तेव्हा पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, "नाक्यावर आपल्या माणसाची बी गाडी थांबवाव लागते, बाई. तुम्ही बराबर केलं."

मग माझी बदली वरोऱ्याला झाली. मोटार नाक्याशी थांबली, आडवा बांबू समोर. नाकेदार खिडकीशी आले. त्या दिवशी ते माझ्या पायांकडे बघत नव्हते.

"काल संपलं बाई पुस्तक. शेवटचं पान मी एकट्यानं वाचलं."

"मग? कसं आहे?"

"चांगलं लिवलं हाय लेकाच्यानं. पण एक घोळ हाय. तो बर्फ कोणाच्या मालकीचा, ते कुठीच लिवलं नाई!"

मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. सवयीप्रमाणे मी पिशवी उघडून दाखवायला पुढे केली, तर त्यांनी ती हाताने मागे सारली.

"राहू द्या. तुम्हाले काय तपासाचं?" आणि स्वतः जाऊन त्यांनी तो बांबू वर केला.